स्वस्त हप्त्याआधी रुग्णालयांची यादी पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आणि तेव्हापासून आपल्या भागात मेडिक्लेमची विचारपूस वाढल्याचे मला जाणवते. ज्या घरांत आजवर विमा म्हणजे फक्त एलआयसी होती, त्या घरांतली कर्ती माणसे आता पॉलिसीची माहितीपत्रके घेऊन बसतात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र या विचारपुशीबरोबर एक निवड लोकांपुढे येते आणि तिच्याविषयी पुरेसे बोलले जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. काही कंपन्या एकाच पॉलिसीचे दोन हप्ते सांगतात. कंपनीने निवडलेल्या ठरावीक रुग्णालयांतच उपचार घेण्याचे कबूल केले तर हप्ता कमी, आणि रुग्णालय आपल्या मर्जीने निवडण्याची मोकळीक हवी असेल तर हप्ता जास्त. कमी हप्ता घेऊन यादीबाहेरच्या रुग्णालयात दाखल झाल्यास मंजूर रकमेतला ठरावीक वाटा, ज्याला को-पे म्हणतात, रुग्णाच्या घरच्यांनी भरायचा असतो. एजंट हप्त्यातला फरक आवर्जून सांगतो, पण ती यादी कोणती आणि तिच्यात आपल्या तालुक्यातले किती दवाखाने आहेत, हे फार थोडे लोक विचारतात.

मी भुसावळला एका पतसंस्थेत लेखापाल होतो. निवृत्तीनंतर ओळखीचे लोक क्लेमचे कागद लावून घ्यायला माझ्याकडे येतात, आणि त्या कागदांवरून माझे असे ठाम मत झाले आहे की खान्देशातल्या माणसासाठी विमा रक्कम पाच लाख की दहा लाख या प्रश्नाच्याही आधी रुग्णालय कोण ठरवणार हा प्रश्न येतो.

ही निवड अमेरिकेत जुनी आहे आणि तिथली उदाहरणे आपल्याला अगदीच परकी राहिलेली नाहीत, कारण जळगाव, चोपडा, शिरपूर, शहादा अशा गावांतल्या कितीतरी घरांतील मुले आज तिकडे नोकरीला आहेत. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास त्यांना पुढच्या वर्षाची विमा योजना निवडायची असते आणि तेव्हा फोनवर एचएमओ घ्यावा की पीपीओ, म्हणजे यादीत बांधलेली योजना घ्यावी की मोकळी, अशी चर्चा घरोघरी ऐकू येते. एचएमओ प्रकारच्या योजनेला तिथे १९७३ च्या केंद्रीय कायद्याने मोठी चालना मिळाली. या योजनेत सभासदाने एक नेहमीचा डॉक्टर निवडायचा असतो. हृदयाच्या, हाडांच्या किंवा कानाच्या तज्ज्ञाकडे जायचे तर बहुतेक वेळा आधी त्या डॉक्टरची शिफारस घ्यावी लागते, आणि योजनेच्या यादीबाहेरच्या डॉक्टरकडे गेल्यास तातडीचा प्रसंग सोडून विम्याचा एक डॉलरही मिळत नाही. त्या बदल्यात हप्ता कमी असतो आणि सुरुवातीला स्वतः भरण्याची रक्कमही सहसा कमी असते. पीपीओमध्ये शिफारशीची गरज नसते आणि यादीबाहेरच्या डॉक्टरचे बिलही काही अंशी मंजूर होते. मात्र हप्ता अधिक असतो, यादीबाहेरच्या उपचारांसाठी स्वतः भरायची रक्कम वेगळी आणि मोठी धरली जाते, आणि विमा कंपनीने ग्राह्य धरलेल्या दरापेक्षा त्या डॉक्टरने जास्त आकारले तर तो फरकही रुग्णाच्याच माथी येऊ शकतो. वर्षभरात रुग्णाने जास्तीत जास्त किती भरायचे याला तिथे कायद्याने मर्यादा आहे, परंतु ती मर्यादा यादीतल्या उपचारांपुरती असते, ही गोष्ट पीपीओ घेणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

माझी पुतणी टेक्सासमध्ये असते. तिच्या मुलाला दम्याचा त्रास आहे आणि ज्या बालफुफ्फुसतज्ज्ञाच्या औषधाने त्याला उतार पडला ते डॉक्टर तिच्या कंपनीने देऊ केलेल्या एचएमओच्या यादीत नव्हते, पीपीओच्या यादीत होते. तिने दोन्ही योजनांचे आकडे मला पाठवले तेव्हा एचएमओचा हप्ता पाहून माझाही कल तिकडेच झुकला असता, परंतु तिने आकड्यांना हात लावण्याआधी डॉक्टरचे नाव दोन्ही याद्यांत शोधले होते आणि तिच्यापुरता निर्णय तिथेच झाला. तिच्या शेजारी बसणारा तरुण सहकारी एकटा आणि धडधाकट, त्याने एचएमओ घेतला, आणि माझ्या मते त्याचीही निवड बरोबरच होती. स्वस्त म्हणून एक वाईट आणि महाग म्हणून दुसरी चांगली, असा हा मामलाच नाही. ज्याचा डॉक्टर आणि ज्याचे रुग्णालय आधीपासून यादीत आहे त्याला बंदिस्त योजनेत काही गमवावे लागत नाही.

जाता जाता, तिकडे मुलांकडे सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या आईवडिलांनी मुलाच्या नोकरीतल्या विम्यावर विसंबू नये. त्या विम्यात आईवडिलांचा समावेश सहसा होत नाही. पाहुण्यांसाठीची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते आणि तिच्यातही जुन्या आजारांविषयीच्या अटी कडक असतात.

खरे तर बंदिस्त योजनेची रीत भुसावळकरांना सांगण्याची गरज पडू नये. इथल्या रेल्वे कर्मचाऱ्यांनी आणि निवृत्तांनी ती आयुष्यभर वापरली आहे. आधी रेल्वेच्या दवाखान्यात दाखवायचे, तिथल्या डॉक्टरांना गरज वाटली तर त्यांच्या रेफरवर करार असलेल्या खासगी रुग्णालयात जायचे, आणि परस्पर बाहेर गेल्यास तो प्रसंग खरोखर तातडीचा होता हे कागदोपत्री दाखवायचे. शिस्त पाळणाऱ्या माणसाला या व्यवस्थेत आयुष्यभर आधार मिळतो. सरकारच्या जन आरोग्य योजनेचा सांगाडाही असाच आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला धुळे जिल्हा होता. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली, आणि २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण राज्यातल्या सर्व नागरिकांसाठी खुले झाले. तिथेही उपचार योजनेत समाविष्ट असलेल्याच आजारांवर आणि अंगीकृत, म्हणजे योजनेने मान्य केलेल्या, रुग्णालयांतच होतात, आणि आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे, नोंद झाल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. सत्तर वर्षांवरील सर्व ज्येष्ठांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळू लागले आहे. ज्यांनी ते अजून काढलेले नाही त्यांनी खासगी पॉलिसीच्या हप्त्याची जुळवाजुळव करण्याआधी ते काढून घ्यावे, कारण त्याला हप्ताच नाही.

तेव्हा बंद यादीला माझा तत्त्वतः विरोध नाही. माझे म्हणणे असे आहे की रेल्वेची किंवा सरकारी योजनेची यादी रुग्णाला कुठे जायचे हे आधीच सांगते, तर खासगी कंपनीची यादी पॉलिसी विकताना कोणी हातात देत नाही, आणि खान्देशचा भूगोल असा आहे की त्या यादीवाचून निर्णय घेणे धोक्याचे ठरते.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला एक रुग्णालय यादीत नसेल तर दोन चौक सोडून दुसरे सापडते. आपल्याकडे रुग्णाची वाट जिल्ह्याच्या ठिकाणी संपत नाही आणि प्रत्येक तालुक्याची वाट निराळी आहे. नंदुरबार आणि नवापूरचा माणूस अवघड आजारासाठी रेल्वेने सुरत गाठतो. शिरपूरकडचा आग्रा महामार्गाने इंदूरला जातो, कारण रस्ता सरळ आहे. रावेरवाल्याला बऱ्हाणपूर हाताशी वाटते. चाळीसगावचा रुग्ण कन्नडचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरला जातो नाहीतर नाशिकला. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या माणसाला तर आधी खाली तळोद्या-शहाद्यापर्यंत पोहोचणे हेच मोठे काम असते. अशा प्रदेशात कंपनीने देशभरातल्या हजारो रुग्णालयांचा आकडा माहितीपत्रकावर कितीही ठळक छापला तरी तो निरुपयोगी आहे. आपल्या तालुक्यात किती, जिल्ह्याच्या गावी किती, आणि आपण ज्या दिशेला मोठ्या दवाखान्यासाठी जातो त्या शहरात किती, हे तीनच आकडे उपयोगाचे आहेत.

यावल तालुक्यातील एका केळी उत्पादकाचे, आबांचे, उदाहरण देतो. त्यांनी यादीची अट असलेली पॉलिसी घेतली होती आणि हप्त्यात वर्षाला काही हजार वाचल्याचा त्यांना आनंद होता. पत्नीला पित्ताशयातल्या खड्यांचा त्रास उठला, तेव्हा गेली पंधरा वर्षे ज्या डॉक्टरांकडे हे कुटुंब जाते त्यांच्याच रुग्णालयात ऑपरेशन झाले. डॉक्टर चांगले, ऑपरेशन व्यवस्थित, बिलही रास्त, परंतु ते रुग्णालय कंपनीच्या निवडक यादीत नव्हते. कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीने परस्पर भरण्याची सोय, मिळाले नाहीच. आधी पैसे भरून नंतर क्लेम लावला, आणि मंजूर रकमेतून वीस टक्के को-पे म्हणून कापले गेले. आबा माझ्याकडे पॉलिसी घेऊन आले तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ती अट शोधली. ती पहिल्या पानावरच्या तक्त्यात, निवडलेल्या सवलतींच्या रकान्यात, इंग्रजीतल्या एका ओळीत होती. सही त्यांची होती. कंपनीने नियमाबाहेर काही केले असे मी म्हणू शकत नाही. परंतु वीस टक्क्यांचा अर्थ जर मराठीत तोंडी सांगितला असता आणि त्यांच्या रुग्णालयाचे नाव यादीत नाही हे दाखवले असते तर त्यांनी पूर्ण हप्त्याची पॉलिसी घेतली असती, असे ते स्वतः म्हणतात आणि मला ते पटते.

याच जातीची दुसरी अट विभागांची आहे. अनेक कंपन्या शहरांचे विभाग पाडतात आणि लहान शहरांतल्या ग्राहकांना कमी हप्ता लावतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांना सहसा हा लाभ मिळतो. मात्र अशा काही पॉलिसींत स्वस्त विभागातल्या माणसाने महाग विभागात उपचार घेतले तर तिथेही को-पे लागतो, आणि काही कंपन्यांच्या वर्गवारीत मुंबईबरोबर सुरतही महाग विभागात मोडते. नंदुरबारच्या माणसाने ही एक ओळ तपासलीच पाहिजे, कारण त्याचे मोठे आजारपण सुरतेच्या दिशेने जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. थोडा जास्त हप्ता भरून ही अट काढून टाकता येत असेल तर त्याने ती काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि जो केवळ राज्याच्या जन आरोग्य योजनेवर अवलंबून आहे त्याने सुरत किंवा इंदूर गाठण्याआधी तिथे आपले कार्ड चालते का याची चौकशी आरोग्यमित्राकडे करून घ्यावी. केंद्राच्या यादीतील पात्र कुटुंबांना परराज्यातही लाभ मिळतो, पण राज्याचे आणि केंद्राचे कार्ड एकच आहे असे गृहीत धरून निघू नये.

पूर्ण मोकळीक असलेली पॉलिसी घेतली म्हणजे सगळे मिटले, असेही नाही. तिथेही रुग्णालय या शब्दाची व्याख्या असते. रुग्णालयाची कायद्याखाली नोंदणी असावी, किंवा मग दहा लाखांपेक्षा कमी लोकवस्तीच्या गावात निदान दहा खाटा, चोवीस तास पात्र परिचारिका आणि डॉक्टर, सुसज्ज शस्त्रक्रियागृह आणि रोजच्या नोंदी अशा अटी पुऱ्या व्हाव्यात, असे पॉलिसीत म्हटलेले असते. तालुक्याच्या गावी जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर सहा खाटा टाकून डॉक्टर मंडळी मनापासून सेवा देतात आणि त्यांचा हातगुणही असतो. तरीही नोंदणीचा क्रमांक बिलावर नसेल तर क्लेमची फाईल अडते. दाखल होतानाच तो क्रमांक विचारून घेतला तर पुढचे हेलपाटे वाचतात. आधी पैसे भरून मग परत मिळवायचे झाले तर डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिच्याशी जुळणारी औषधांची मूळ बिले हे सगळे लागते. शिवाय त्या दिवशी हातात रक्कम असावी लागते. कापूस घरात पडून आहे आणि भाव नाही म्हणून विकलेला नाही अशा दिवसांत दीड-दोन लाख उभे करणे शेतकऱ्याला किती जड जाते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. म्हणून माझा सल्ला असा असतो की मोकळीक घ्या, पण घराजवळचे निदान एक आणि आपल्या दिशेच्या मोठ्या शहरातले निदान एक रुग्णालय कॅशलेसच्या यादीत आहे, याचीही खात्री करा.

नियमांच्या बाजूने काही गोष्टी ग्राहकाच्या हिताच्या झाल्या आहेत, त्या लोकांपर्यंत पोहोचल्या पाहिजेत. जानेवारी २०२४ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या परिषदेने यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस देण्याचा उपक्रम सुरू केला. त्यासाठी ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेची सूचना ४८ तास आधी आणि तातडीच्या प्रसंगी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला द्यावी लागते, आणि रुग्णालयाचीही त्याला तयारी असावी लागते. मे २०२४ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय देण्यास आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत देण्यास सांगितले. तीन तासांपेक्षा उशीर झाल्यामुळे रुग्णालयाचा खर्च वाढला तर तो कंपनीने सोसायचा आहे. जुन्या आजारांना विमा लागू होण्याआधीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आहे. पॉलिसी हातात पडल्यावर तीस दिवसांत ती परत करता येते, आणि याच तीस दिवसांत शांतपणे बसून यादी आणि अटी वाचून घ्याव्यात, असे मी प्रत्येकाला सांगतो. तक्रार कंपनीकडे लेखी दिल्यावर तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर मान्य नसले तर विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

माझी विमा कंपन्यांकडे मागणी आहे ती साधी आहे. यादीची अट असलेली पॉलिसी विकताना ग्राहकाच्या जिल्ह्यातील आणि लगतच्या मोठ्या शहरांतील रुग्णालयांची यादी मराठीत, तारखेसह, छापील स्वरूपात त्याच्या हातात दिली पाहिजे आणि तिच्यावर त्याची वेगळी सही घेतली पाहिजे. रुग्णालये यादीत येतात आणि दरांवरून बिनसले की बाहेरही पडतात. सरकारी क्षेत्रातल्या चार कंपन्यांनी २०१० च्या जुलैत मोठ्या शहरांतल्या कित्येक नामांकित रुग्णालयांचे कॅशलेस थांबवले होते आणि त्यानंतर ठरावीक दर मान्य करणाऱ्या रुग्णालयांचे वेगळे जाळे तयार केले, हे अनेकांना आठवत असेल. म्हणून आपल्या तालुक्यातले रुग्णालय यादीतून गळले तर ग्राहकाला मोबाइलवर संदेश गेला पाहिजे, आणि तालुक्यात एकही रुग्णालय उरले नसेल तर त्या ग्राहकाला यादीबाहेरच्या उपचारांवर को-पे लावू नये. कमी हप्त्याच्या बदल्यात ग्राहकाने निवडीचा हक्क सोडलेला असतो, तेव्हा निवडायला काहीतरी शिल्लक ठेवणे ही कंपनीची जबाबदारी आहे.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. बाजारभाव आणि रेल्वेचे बदललेले वेळापत्रक जसे आपण छापता, तशी तिन्ही जिल्ह्यांतल्या जन आरोग्य योजनेत अंगीकृत असलेल्या रुग्णालयांची तालुकावार यादी वर्षातून दोनदा छापावी. ती सार्वजनिक माहिती आहे आणि खेड्यात ती वर्तमानपत्रातून जितकी पोहोचेल तितकी संकेतस्थळावरून पोहोचणार नाही.

ज्यांच्या पॉलिसीची मुदत मार्चअखेर संपते आणि ज्यांना यादीच्या अटीमुळे कंपनी बदलायची आहे, त्यांनी नव्या कंपनीकडे निदान ४५ दिवस आधी, म्हणजे १४ फेब्रुवारीच्या आत, पोर्टेबिलिटीचा अर्ज द्यावा. आधीच्या पॉलिसीत पुरी केलेली प्रतीक्षेची वर्षे अशा वेळी वाया जात नाहीत, मात्र जुनी पॉलिसी एक दिवसही बंद पडू देऊ नये.

आपला,
एक वाचक
भुसावळ, जि. जळगाव